पाय कुठे टेकला?

गेल्या वर्षीच्या राइडमध्ये धाकटी बहीण पडली ती शेवटच्या उतारावर. डावीकडचं वळण, खाली टणक मुरूम आणि त्यावर हरभऱ्याएवढी सुटी खडी पसरलेली. हॅण्डल वळलं, सायकल सरळच गेली. मी तिच्या मागे पन्नासेक मीटरवर होते. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालं होतं आणि जखमेत बारीक खडे रुतले होते. बाटलीतल्या पाण्याने ते धुऊन काढताना ती एवढंच म्हणाली, "ताई, चढाचं मला काही वाटलं नाही गं. हा उतार असा आहे हे आधी कळलं असतं तर मी उतरून चालत आले असते."

त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो आणि वाट एकच, ४८ किलोमीटरची. पुढचे तिघे सुसाट निघून गेले, मधले एका फाट्यावर चुकले, आणि मागच्यांची वाट बघत आम्ही ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर तासभर उन्हात बसून राहिलो. राइड ठरवली होती मी. नकाशावर रेघ ओढली, लांबी पाहिली, एकूण चढाई पाहिली, 'होईल सगळ्यांना' म्हटलं आणि मोकळी झाले. बहिणीचा तो हात पाहिल्यावर ठरवलं की पुढची वाट एकेका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखायची. त्यात अडीच महिने गेले. वेगवेगळ्या कुवतीची माणसं घेऊन डोंगराळ भागातल्या कच्च्या रस्त्यांवर सायकली काढणाऱ्या कुणालाही हेच प्रश्न पडणार, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

पहिला आराखडा मी लांबीवरूनच केला. नवख्यांना २० किलोमीटर, सरावलेल्यांना ४०, तयारीच्यांना ६०. मोठ्या राइड्स असंच करतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातून निघणारी अनबाउंड ग्रॅव्हल ही कच्च्या रस्त्यांवरची सायकल शर्यत २००६ मध्ये डर्टी कॅन्झा या नावाने सुरू झाली. मूळची शर्यत २०० मैलांची. पुढे तिला २५, ५०, १०० आणि ३५० मैलांचे पर्याय जोडले गेले. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर १९९७ पासून होणाऱ्या लेरोइका या सायकल राइडमध्येही लहान-मोठ्या वाटा असतात. तेच डोळ्यांसमोर ठेवून मी तीन वर्तुळं काढली आणि मग जरा लक्ष देऊन पाहिलं, तर बहीण जिथे पडली तो उतार २० किलोमीटरच्या, म्हणजे सर्वांत नवख्यांच्या वाटेवर येत होता. कारण साधं होतं. तो निघण्याच्या जागेपासून सर्वांत जवळ होता.

तिथे माझा लांबीवरचा विश्वास उडाला. साठ किलोमीटर चांगल्या दाबलेल्या रस्त्यावरून दम राखून जाणारा माणूस साठ मीटरच्या एका तुकड्यात आडवा होऊ शकतो. वाटेची खरी पातळी तिच्यातला सर्वांत वाईट तुकडा ठरवतो, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि पुढचं सगळं काम म्हणजे ते वाईट तुकडे शोधणं झालं.

घरबसल्या जेवढे सापडतील तेवढे आधी शोधले. नकाशाचं काम मला मनापासून आवडतं. ओपनस्ट्रीटमॅप उघडायचा, शेजारी उपग्रहाचं चित्र ठेवायचं आणि पांढरट रेघांचा माग काढत बसायचं. हा नकाशा २००४ पासून स्वयंसेवक भरत आले आहेत. त्यात गाडीवाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत देण्याची सोय आहे. १ म्हणजे पक्का किंवा उत्तम दाबलेला रस्ता, ५ म्हणजे नुसती माती आणि गवत. ही माहिती फार कामाची, फक्त ती भरणारा माणूस तिथे कोणत्या महिन्यात गेला होता ते तिच्यावरून कळत नाही. कोरड्या दिवसांत ग्रेड २ वाटणारी वाट पावसानंतर ग्रेड ४ झालेली मी स्वतः पाहिली आहे.

चढाच्या आकड्यांनी मात्र मला चांगलंच फसवलं. दुसऱ्या टेकडीच्या कुशीत नकाशा ८ टक्के चढ दाखवत होता. पाहणीला गेले तेव्हा तिथे मला सायकल ढकलावी लागली, आणि हॅण्डलवरचं जीपीएस यंत्र १७ टक्के सांगत होतं. १०० मीटर पुढे जाताना १७ मीटर वर. घरी येऊन असं का झालं ते शोधलं. उंचीच्या कितीतरी नकाशांच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मधली एक मोहीम आहे. एंडेव्हर अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्याने रडारने जमिनीची उंची मोजली. त्या मोजणीतला एकेक ठिपका सुमारे ३० मीटर लांब-रुंद आहे, आणि जगाच्या बहुतेक भागासाठी वर्षानुवर्षं मोफत मिळत होती ती ९० मीटरच्या ठिपक्यांची आवृत्ती. आता माझा तो उभा चढ जेमतेम ६० मीटरचा, अलीकडे-पलीकडे जवळजवळ सपाटी. ठिपक्याची सरासरी निघताना चढ दोन्हीकडच्या सपाटीत विरून गेला. शिवाय दाट झाडीत रडार काही अंशी शेंड्यांवरूनच परततं, त्यामुळे झाडीतला सरळ रस्ताही नकाशात उगाच वर-खाली होतो. एकूण चढाईचा आकडा साधारण जुळतो; माणसाला सायकलवरून खाली उतरवणारा तुकडा तेवढा दिसत नाही. तो बघायला जावंच लागतं.

मग मी पाच रविवार गेले.

खडीचा रस्ता लांबून एकसारखा दिसतो. जवळ गेलं की एकाच रस्त्यात तीन-चार रस्ते असतात. गाड्यांची चाकं जातात त्या दोन चाकोऱ्या दाबून टणक झालेल्या. मधला उंचवटा आणि दोन्ही कडा सुट्या खडीच्या. सरळ जायचं असेल तर चाकोरीत राहिलं की काम भागतं. वळणावर किंवा समोरून गाडी आली की चाकोरी सोडावी लागते, आणि नवखा माणूस बिचकतो तो त्या हातभर रुंदीत. तिथे तो हॅण्डल घट्ट आवळतो, नजर पुढच्या चाकावर येते आणि सायकल डगमगते. मी प्रत्येक वळणाशी थांबून पाहिलं की चाकोरी बदलायची वेळ येते का, आणि आली तर मधली खडी किती जाड आहे. वहीत त्याला खूण केली: बोटाचं एक पेर, दोन पेरं, पूर्ण बोट. पूर्ण बोटाची खडी म्हणजे सरावलेल्या माणसालाही हॅण्डल सैल सोडून सायकलीला तिच्या मनाने थोडं भटकू द्यावं लागतं.

उतार संपून वळण लागायच्या आधी गाड्या ब्रेक मारतात आणि चढाच्या तोंडाशी जोर लावतात. तिथे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. ठरावीक वेगाच्या वर चाक खडीवर उड्या मारू लागतं, प्रत्येक उडीत थोडी खडी ढकलून ढीग करतं, पुढचं चाक त्याच ढिगावरून उडतं, आणि बघता बघता लाटा तयार होतात. त्यावरून जाताना बोटं बधिर होतात आणि बाटली पिंजऱ्यातून उडून पडते, ते एक वेळ चालेल. पण चाक जमिनीला धड टेकत नसल्यामुळे ब्रेकची पकड जाते, आणि तीही नेमकी वळणाआधी. म्हणून अशा जागा मी लाटांच्या सुरुवातीच्या तीस मीटर अलीकडून नोंदल्या. वेग कमी करायचा तो तिथे. लाटांवर पोचल्यावर ब्रेक हलका सोडायचा, ढुंगण सॅडलवरून किंचित उचलायचं आणि कोपरं सैल.

आणि मग ते वळण. तिथे मी सायकल आडवी टाकून रस्त्यावर बसले. तळहाताने खडी बाजूला सारली, तर खालचा मुरूम घोटून घेतल्यासारखा गुळगुळीत. एक खडा बोटाने ढकलला, तो गोटीसारखा घरंगळत खाली गेला आणि जाता जाता आणखी चार घेऊन गेला. भुसभुशीत मातीत चाक रुततं, वेग आपोआप मरतो, माणूस पडला तरी हळू पडतो. टणक बुडावरची सुटी खडी यातलं काहीच करू देत नाही. पुढचा ब्रेक दाबला तर चाक घसरतं, नाही दाबला तर वेग वाढत जातो. पावलांनी मोजलं: साधारण ६० मीटर, १४ टक्के. वर्षभर माझ्या मनात हा उतार फार लांब होता. प्रत्यक्षात तो एवढाच होता.

चौथ्या रविवारी तिघांना सोबत नेलं. बहीण, ६३ वर्षांचे काका आणि १९ वर्षांचा भाचा. निघताना सांगितलं, "जिथे पाय टेकावासा वाटेल तिथे टेका. कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. मी फक्त जागा लिहून घेणार." भाचा म्हणाला, "मावशी, मी नाही टेकणार." काका नुसते हसले आणि हेल्मेटचा पट्टा आवळत बसले.

संध्याकाळी वही उघडली तेव्हा काकांचे सात टेके होते. त्यातले सहा चढावर. बहिणीचे पाच, त्यातले चार उतारावर. भाच्याचे दोन, दोन्ही त्या १७ टक्क्यांच्या चढावर, एकमेकांपासून दहा पावलांवर. मी ती पानं कितीतरी वेळ बघत बसले. गेल्या वर्षी मी या तिघांना एका ओळीत उभं केलं होतं: भाचा सर्वांत तयार, मग मी, मग बहीण, मग काका. वही काही निराळंच सांगत होती. काकांना उताराची भीती अजिबात नाही; आयुष्यभर कच्च्या रस्त्यांवर साध्या सायकली चालवलेला माणूस तो, खडीत चाक सरकलं तरी खांदा हलत नाही. त्यांना छाती साथ देत नाही. बहिणीची छाती उत्तम आहे, पण पडल्यापासून उतार दिसला की तिची बोटं ब्रेकवर गोठतात. आणि भाच्याकडे ताकद आहे तर सवय डांबरी रस्त्याची. चढ तीव्र झाला की तो पॅडलवर उभा राहतो, वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी गरगरतं, आणि सायकल थांबते. सोपी, मध्यम, अवघड अशा तीन खणांत ही माणसं बसवायची तरी कशी?

भाच्याचं दुखणं दहा मिनिटांत बरं झालं. त्याला सांगितलं, उभा राहू नकोस. सॅडलच्या टोकावर सरक, कोपरं खाली, छाती हॅण्डलकडे झुकव, आणि गिअर आधीच हलका करून ठेव. मागच्या चाकावर वजन राहिलं पाहिजे आणि पुढचं उचललं जाता कामा नये, दोन्ही एकाच वेळी. तिसऱ्या खेपेला तो वर पोचला आणि वरून एवढ्या जोरात ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले.

काकांच्या बाबतीत कागद-पेन्सिल घ्यावी लागली. त्यांच्या सायकलीला पुढे, पॅडलपाशी, ३४ दात्यांची लहान चेनरिंग (साखळीचं चक्र) आणि मागे ३४ दात्यांचं सर्वांत मोठं चक्र होतं. म्हणजे पॅडलची एक फेरी तर चाकाची एक फेरी, सुमारे २.२ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर तासाला ८ किलोमीटर. १५ टक्के चढावर ८ चा वेग म्हणजे चांगल्या तयारीच्या माणसाचं काम. काकांचा वेग तिथे ५ वर यायचा, मग मिनिटाला चाळीसही फेऱ्या होत नसत, गुडघ्यांवर ताण यायचा आणि ते उतरायचे. त्यांनी पुढचा क्रँक बदलून ४६-३० चा, म्हणजे ४६ आणि ३० दात्यांच्या चक्रांचा, बसवला. फरक कागदावर लहान दिसतो. पुढच्या खेपेला सातातले तीन टेके गेले. मला वाटतं, डोंगरात जाणाऱ्याने सायकलीवर एकच खर्च करायचा झाला तर तो हलक्या गिअरवर करावा. हलकी फ्रेम नंतर कधीतरी.

सर्वांत मोठा बदल एका साध्या गोष्टीने झाला. चौथ्या रविवारच्या त्या रात्री नकाशा आणि वही शेजारी-शेजारी ठेवून बसले होते, आणि मनात आलं की हीच वाट उलट दिशेने केली तर? बहीण पडली तो उतार मग चढ होतो. चढावर माणूस हरला तर थांबतो, पाय टेकतो, ढकलत जातो, साठ मीटरला फार तर दोन-तीन मिनिटं. उतारावर हरला तर कोपर सोलून घेतो. आणि उलट फिरलं की दुसऱ्या बाजूचा लांबलचक चढ उताराला येत होता: ४-५ टक्के, रुंद, चांगला दाबलेला, पुढचं सगळं दिसणारा. एकूण चढाई तेवढीच, किलोमीटर तेवढेच, आणि वाटेचा स्वभावच पालटला. काकांना विचारलं, कारण ढकलायची पाळी त्यांच्यावर येणार होती. ते म्हणाले, "अगं, ढकलत नेण्यात कसला कमीपणा? तेवढंच जरा पाठीला बरं."

मग तीन वेगळ्या वाटांचा नाद सोडला. एक खोड आणि त्याला दोन फांद्या असा आकार धरला. खोड सगळ्यांना समान. त्यावरच्या एका फाट्यावरून पहिली फांदी फुटते आणि परत खोडाला मिळते. पहिल्या फांदीवरून दुसरी. शेवटी सगळे त्या मोरीपाशी येतात. मोरीपर्यंत खोडाने २४ किलोमीटर आणि ३१० मीटर चढाई, पहिल्या फांदीने ३८ आणि ६४०, दोन्ही फांद्या घेतल्या तर ५५ आणि १०४०. मोरीपासून शेवटचे ४ किलोमीटर सगळ्यांचे एकत्र. याचा मोठा फायदा असा की कुणालाही सकाळीच छातीठोक सांगावं लागत नाही की मी अमुक वाटेचा. फाट्यावर पोचल्यावर पाय काय म्हणतात ते ऐकायचं आणि वळायचं.

वेळेसाठी एक जुना हिशेब उपयोगी पडला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरात चालणाऱ्यांसाठी सांगितलं होतं: दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाईला वर आणखी एक तास. चढाईचा वेळ अंतरापासून वेगळा काढायचा, ही त्यातली मोलाची गोष्ट. तिचंच सायकलीचं रूप मी आमच्या पाहणीतल्या वेळांवरून बसवलं: तासाला १५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाईला ६ मिनिटं जास्त. खोडाला सुमारे १ तास ५५ मिनिटं, पहिल्या फांदीला ३ तास १० मिनिटं. लांबच्या वाटेवरचे तयारीचे, त्यांना तासाला १८ आणि १०० मीटरला ४ मिनिटं धरली, तर पावणेचार तास. म्हणून लांबवाले सहाला निघायचे, मधले साडेसहाला, खोडवाले पावणेआठला, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास मोरीवर सगळ्यांची गाठ. गेल्या वर्षीचं ते उन्हातलं बसणं यात संपलं.

वाटेची माहिती कशी द्यायची यावर मात्र मी अडले. उत्तर अमेरिकेत स्कीच्या उतारांना हिरवा, निळा, काळा असे रंग असतात, माउंटन बाइकच्या वाटांनीही ते उचलले. मीही रंग दिले होते. मग बहीण म्हणाली, "निळा म्हणजे माझ्यासाठी काय ते मला रंगावरून कसं कळणार?" बरोबर होतं तिचं. रंग पुसले आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली, जिच्यावर फक्त वाईट तुकडे होते. उदाहरणार्थ: "किमी ११.४. उतार १२ टक्के, ७० मीटर, उजवं वळण, टणक बुडावर सुटी खडी. उतरून चालणं बरं." किंवा: "किमी १९. आडवी चारी, चाकभर रुंद. सरळ छेदा, तिरपं नको." अशा सात-आठ ओळी. चिठ्ठी टॉप ट्यूबला, म्हणजे सायकलीच्या वरच्या दांडीला, चिकटपट्टीने लावायची, म्हणजे यंत्राची बॅटरी संपली तरी समोर राहते.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या टायरांतली हवा पाहिली. भाच्याने सवयीने ३८ मिलिमीटरच्या टायरात ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले होते. एवढ्या हवेवर टायर प्रत्येक खड्यावरून टण्णकन उडतो. त्याच्याकडे ट्यूब होती, म्हणून ४० च्या खाली जाऊ दिलं नाही. ट्यूब असताना हवा फार उतरवली तर दगड आणि रिमच्या मध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. माझे टायर ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस, वजन ६० किलो. मी पुढे २८ आणि मागे ३१ ठेवते. काकांच्या टायरातलं सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवणारं द्रव, पार वाळून गेलं होतं, टायर हलवल्यावर आत काही डुचमळेना. तिथेच नवीन भरलं.

राइडच्या दिवशी सोळा जण आले. मी पहिल्या फांदीची शेवटची स्वार होते. पंप, पट्ट्या, सगळ्यांचे नंबर माझ्याकडे. फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, शेतातून जाणारी फाटकं जशी सापडली तशीच मागे ठेवायची, उघडी तर उघडी, बंद तर बंद, आणि जनावरं दिसली की बोलत बोलत हळू जायचं, एवढं निघताना सांगितलं होतं. गोंधळ एकच झाला आणि तो माझ्या हातून. गेल्या वर्षीची जीपीएक्स फाइल (यंत्रात भरायची वाट) आणि या वर्षीची, दोन्हींचं नाव मी एकच ठेवलं होतं. एकाच्या यंत्रात जुनीच उघडली. दिशा उलटी असल्याने यंत्र त्याला सारखं मागे वळायला सांगत होतं, आणि एका फाट्यावर त्याने यंत्राचं ऐकलं. मोरीवर मोजणी केली तर पंधरा. भाचा स्वतःहून परत गेला आणि वीस मिनिटांत त्याला घेऊन आला. आता फाइलच्या नावात तारीख आणि दिशा दोन्ही असतात आणि जुन्या फाइली मी सगळ्यांकडून समोर उभं राहून पुसून घेते.

बहिणीने फाट्यावर पहिली फांदी घेतली. मला वाटलं होतं ती खोडानेच जाईल. चढ तिने बसल्या बैठकीत, न थांबता काढला. चिठ्ठीतल्या ११.४ च्या उताराला पोचली, वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक मारून थांबली, उतरली, आणि सायकल उताराच्या बाजूला न धरता चढाच्या बाजूला धरून चालू लागली. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूने धर, सायकल घसरली तर तुझ्या पायावर येईल. तिने बाजू बदलली. सत्तर मीटर आम्ही दोघी चालत गेलो, बुटांच्या क्लीटखाली (पॅडलला अडकणाऱ्या पट्टीखाली) खडी करकरत होती, आणि एकदा तिचा पायही सरकला. "बघ," ती म्हणाली, "पायसुद्धा राहत नाही इथे." खाली रस्ता सपाट झाल्यावर ती बसली आणि माझी वाट न बघता निघून गेली.

त्या आठवड्यात दोन दिवस जोराचा पाऊस झाला. रविवारी आम्ही दोघीच परत गेलो, कारण पावसानंतर वहीतल्या ओळींवर भरवसा नसतो. ११.४ ची खडी धुपून वळणाच्या बाहेरच्या कडेला ढीग झाली होती आणि आतली चाकोरी उघडी पडली होती, ओलसर, करड्या रंगाची, चाकाला धरून ठेवणारी. ती वर गेली, पुन्हा खाली चालत आली, पुन्हा वर गेली. मी खाली उभी होते. मग चाकांचा आवाज आला.

वही तिने मागून घेतली. जुनी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली तारीख घातली आणि लिहिलं: "खडी बाहेरच्या कडेला. आतली चाकोरी टणक, दोन हात रुंद. हात हॅण्डलच्या खालच्या वाकावर, वळणाआधी ब्रेक. चालवत गेले."